फिअरलेस नादिया

मेरी अ‍ॅन इव्हान्स, विवाहानंतरच्या मेरी वाडिया, चित्रपटांतील नाव फिअरलेस नादिया (जन्म : पर्थ, ऑस्ट्रेलिया, ८ जानेवारी १९०८, मृत्यू : मुंबई, ९ जानेवारी १९९६) या हिंदी बोलपटांच्या पहिल्या पर्वातील विख्यात साहसपट-अभिनेत्री होत्या. १९३५ साली प्रदर्शित झालेल्या 'हंटरवाली' या चित्रपटाने त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली. धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी, घोड्यावरून आणि मोटारीतून केलेले पाठलाग, उंचावरून घेतलेल्या उड्या अशी कामे त्या बदली कलाकार न घेता स्वतः करीत असत. मुंबईच्या वाडिया मूव्हिटोन आणि त्यानंतर बसंत पिक्चर्स या संस्थांच्या चित्रपटांतून त्यांनी सुमारे तीन दशके कामे केली. जुन्या मोटारी आणि पाठलागाचे जुने चित्रपट यांविषयी आज जे स्मरणरंजन आढळते, त्याची भारतातील मुळे शोधताना नादियांच्या चित्रपटांपर्यंत जावे लागते.

बालपण आणि पूर्वायुष्य

मेरी यांचे वडील हर्बर्ट इव्हान्स हे मूळचे स्कॉटलंडचे व ब्रिटिश सैन्यात नोकरीस होते. आई मार्गारेट ग्रीक वंशाच्या होत्या. वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब १९१३ साली मुंबईस आले. त्या वेळी मेरी पाच वर्षांच्या होत्या. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वडील रणांगणावर कामी आले आणि मायलेकींनी मुंबईतच राहण्याचे ठरविले.

१९२२ साली त्या वायव्य सरहद्द प्रांतातील पेशावर येथे गेल्या. तेथील डोंगराळ मुलखात मेरी घोडदौड, शिकार, मासेमारी आणि नेमबाजी शिकल्या. त्या काळातील मुलींना सहसा न लाभणारे हे शिक्षण पुढे त्यांच्या उपजीविकेचा आधार ठरले. १९२८ साली त्या आई आणि आपला लहान मुलगा रॉबर्ट यांच्यासह मुंबईस परतल्या.

मुंबईत त्यांनी आर्मी अँड नेव्ही स्टोअर या दुकानात विक्रेती म्हणून नोकरी केली. अधिक पगाराची जागा मिळावी म्हणून लघुलेखन आणि टंकलेखन शिकण्याचा त्यांचा विचार होता. पाठोपाठ मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा यांच्याकडे त्यांनी बॅले नृत्याचे शिक्षण घेतले. अ‍ॅस्ट्रोव्हांचा नृत्यसंच लष्करी छावण्यांत, संस्थानिकांच्या दरबारी आणि लहानसहान गावांतही कार्यक्रम करीत असे. या फिरतीत मेरी यांनी कोलांट्या आणि अंग लवचिक ठेवण्याच्या कसरती आत्मसात केल्या. १९३०च्या सुमारास त्यांनी झार्को सर्कशीतही काम केले.

नाव बदलण्याची हकिकत याच काळातील आहे. एका आर्मेनियन ज्योतिषिणीने त्यांना यश हवे असल्यास 'न' या अक्षराने सुरू होणारे नाव घेण्यास सांगितले, असे नादिया पुढे सांगत. त्यानुसार त्यांनी नादिया हे नाव स्वीकारले आणि तेच अखेरपर्यंत टिकले.

वाडिया बंधू आणि साहसपटांची परंपरा

नादियांच्या कारकिर्दीशी जमशेद बोमन होमी ऊर्फ जे.बी.एच. वाडिया (१९०१–१९८६) आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया (१९११–२००४) यांचे नाव अविभाज्यपणे जोडलेले आहे. अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईस येऊन जहाजबांधणीचा उद्योग उभारणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यात या बंधूंचा जन्म झाला. घराण्याचा हा वारसा म्हणून त्यांच्या चित्रपटसंस्थेच्या बोधचिन्हातही जहाज होते. जे.बी.एच. हे कायद्याचे पदवीधर होते. मात्र घरच्यांची नाराजी पत्करून ते मूकपटांच्या धंद्यात उतरले. होमी यांनी छायालेखनापासून आरंभ करून दिग्दर्शनापर्यंत मजल मारली. १९३३ साली भागीदारांच्या साहाय्याने त्यांनी वाडिया मूव्हिटोन ही संस्था स्थापन केली. परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत तिचा स्टुडिओ होता. आसपास कापडगिरण्या आणि गिरणी कामगारांच्या चाळी होत्या.

साहसपट भारतात नादियांच्या आधीपासून तयार होत होते. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल हे तलवारबाजी आणि मारामारीच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध होते. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांमुळे घरोघरी पोहोचलेल्या ललिता पवार यांनीही तरुणपणी साहसपटांत कामे केली होती. त्यांची भूमिका असलेला 'दिलेर जिगर' (१९३१) हा काळाच्या ओघात टिकून राहिलेल्या मोजक्या भारतीय मूकपटांपैकी एक आहे. जे.बी.एच. वाडिया यांच्यावर डग्लस फेअरबँक्स यांच्या अमेरिकन चित्रपटांचा आणि पर्ल व्हाइट यांच्या भागाभागांनी दाखविल्या जाणाऱ्या थरारपटांचा मोठा प्रभाव होता. आगगाडीच्या वेगाचे त्यांना विशेष आकर्षण होते. 'तूफान मेल' (१९३२) हा त्यांचा मूकपट रेल्वेच्या पार्श्वभूमीवरच बेतलेला होता.

चित्रपटांत प्रवेश

लाहोरच्या रीगल चित्रपटगृहाचे व्यवस्थापक एरच कांगा यांच्या ओळखीने नादियांची वाडिया बंधूंशी भेट झाली. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, धिप्पाड बांध्याची आणि हिंदी जेमतेम बोलू शकणारी ही तरुणी भारतीय नायिका म्हणून लोकांना रुचेल काय, ही शंका रास्त होती. जे.बी.एच. यांनी त्यांना नंदादेवी हे नाव घेण्याची आणि काळ्या केसांची वेणी लावण्याची सूचना केली. नादियांनी ती साफ नाकारली. आपण नंदादेवी दिसत नाही आणि प्रेक्षकांना फसविण्यात अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाडियांनी हा आग्रह मान्य केला. परिणामी परदेशी चेहऱ्याची नायिका आपल्या मूळ रूपातच पडद्यावर आली.

आरंभी चाचणी म्हणून त्यांना 'देश दीपक' (१९३५) या चित्रपटात गुलाम मुलीची छोटी भूमिका मिळाली. त्यानंतर 'नूर-ए-यमन' (१९३५) मध्ये त्या परिजाद या राजकन्येच्या भूमिकेत दिसल्या. प्रेक्षकांनी त्यांच्या सदोष उच्चारांकडे दुर्लक्ष केले आणि त्यांना पसंती दिली. त्यामुळे वाडिया बंधूंनी त्यांच्यासाठी स्वतंत्र चित्रपट निर्माण करण्याचे ठरविले.

हंटरवाली

'हंटरवाली' (१९३५) या चित्रपटात दुष्ट वजिराने पित्याला कैद केल्यावर राजकुमारी माधुरी मुखवटा घालून, हातात हंटर घेऊन अन्यायाचा प्रतिकार करते. दिग्दर्शन होमी वाडिया यांचे होते. चित्रपटाला सुमारे सहा महिने लागले आणि ८०,००० रुपयांहून अधिक खर्च झाला. त्या काळी ही रक्कम मोठी होती. नायकाऐवजी नायिकाच मारामारी करते, तीही परदेशी दिसणारी, असा चित्रपट विकत घेण्यास वितरक धजावेनात. अखेर वाडियांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर ग्रँट रोडवरील सुपर सिनेमात प्रदर्शित केला. एका चित्रपटावर संस्थेचे भवितव्य पणाला लागले होते.

चित्रपट २५ आठवडे चालला. नादिया घोड्यावरून येताना जी लांबलचक आरोळी ठोकत, ती मुलांच्या तोंडी बसली. त्यांच्या नावाचे हंटर, कमरपट्टे, काडेपेट्या आणि पत्ते बाजारात विकले जाऊ लागले. यांतील बहुतेक वस्तूंसाठी कोणीही संस्थेची परवानगी घेतली नव्हती. 'फिअरलेस' म्हणजे निर्भय हे विशेषण याच यशानंतर त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले.

आगगाडी, मोटार आणि पाठलाग

'हंटरवाली'ची कथा राजवाडे आणि घोडे यांच्या जगातली होती. त्यानंतरच्या अनेक चित्रपटांत वाडियांनी नादियांना आधुनिक वेशात, यंत्रांच्या जगात आणले. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे त्यांच्या मोटारी तयार होत. त्याच वर्षी मुंबई ते पेशावर धावणारी फ्रंटियर मेल ही जलद गाडी सुरू झाली. मोटार आणि जलद गाडी ही शहरातील सामान्य माणसाच्या रोजच्या नजरेतली, पण त्याच्या खिशाच्या आवाक्याबाहेरची वाहने होती. वाडियांच्या साहसपटांनी ती पडद्यावर आणली आणि त्यांची सूत्रे एका स्त्रीच्या हाती दिली.

'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) हे याचे ठळक उदाहरण आहे. या चित्रपटाचे नाव त्या गाडीवरूनच घेतलेले आहे. रेल्वेची बदनामी करून विमानवाहतुकीतून पैसा मिळवू पाहणारी एक टोळी आणि तिचा माग काढणारी सविता ही शहरी तरुणी, असे त्याचे कथानक आहे. आगगाडी, मोटार आणि विमान ही तिन्ही वाहने त्यात आहेत. गाडीच्या टपावर नादियांनी केलेली मारामारी हे भारतीय साहसपटांतील सर्वांत प्रसिद्ध दृश्यांपैकी एक समजले जाते. सविताच्या भावाची भूमिका जयदेव यांनी केली होती. 'हम दोनों' सारख्या चित्रपटांचे संगीतकार म्हणून पुढे नावाजलेले जयदेव ते हेच. 'पंजाब मेल' (१९३९) हा आणखी एक चित्रपटही आगगाडीच्याच नावाचा होता.

नादियांच्या चित्रपटांत तिच्या मदतीला मानवी साथीदारांबरोबर प्राणी आणि वाहनेही असत. 'पंजाब का बेटा' हा घोडा, 'गनबोट' हा कुत्रा आणि 'रोल्स रॉइस की बेटी' ही ऑस्टिन बनावटीची लहानशी मोटार ही त्यांतील प्रसिद्ध नावे. मोटारीच्या नावातील विनोद त्या काळच्या प्रेक्षकांना सहज कळत असे. रोल्स रॉइस ही संस्थानिकांची आणि धनिकांची गाडी होती. लहान ऑस्टिन ही मध्यमवर्गीयांना परवडावी म्हणून इंग्लंडमध्ये १९२२ पासून तयार होऊ लागलेली स्वस्त गाडी होती. श्रीमंत घराण्याचे नाव लावून मिरवणारी ही गरीब गाडी घोड्याप्रमाणेच नायिकेची सोबतीण मानली जाई. यंत्राला नाव देऊन त्याला कुटुंबातील एक मानण्याची ही रीत आपल्याकडील बैलांना नावे देण्याच्या रीतीशी जुळणारी आहे. त्यामुळेच ती ग्रामीण प्रेक्षकालाही परकी वाटली नसावी.

त्या काळी पाठलागाची दृश्ये चित्रित करणे कष्टाचे आणि धोक्याचे असे. कॅमेरे जड असत आणि ते चालत्या वाहनावर बसवावे लागत. चित्रीकरणाच्या वेळी फीत नेहमीपेक्षा कमी गतीने फिरवली, की पडद्यावर तीच हालचाल अधिक वेगवान भासते. साहसपटांत ही युक्ती सर्रास वापरली जाई. परंतु वाहनावरून पडणारे शरीर, टपावर तोल सावरणारे पाय आणि उडीनंतर होणारा आघात यांना अशी पळवाट नव्हती. नादियांनी ही कामे स्वतः केली. झुंबरांना लोंबकळणे, धिप्पाड पुरुषांना खांद्यावर उचलून फेकणे आणि 'जंगल प्रिन्सेस' (१९४२) मध्ये सिंहांसमवेत काम करणे हे त्यांच्या कामाचा भाग होते. 'मुकाबला' (१९४२) मध्ये त्यांनी जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका केली.

सहकलाकार

नादियांच्या चित्रपटांना एका ठरावीक कलाकारसंचाची साथ लाभली. पिळदार शरीराचे व्यायामपटू जॉन कावस हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले नायक. 'तूफानी टारझन' (१९३७) या चित्रपटामुळे कावस यांना स्वतंत्र लोकप्रियताही मिळाली होती. बोमन श्रॉफ आणि सरदार मन्सूर यांनीही नायकाच्या भूमिका केल्या. सयानी आतिश हे बहुधा खलनायक असत. गुलशन आणि शरीफा या अभिनेत्रींच्या भूमिकाही अनेक चित्रपटांत आढळतात. या चित्रपटांतील नायकाला दुय्यम स्थान असे. संकटातून सुटका करण्याचे काम नायिकेकडे असे आणि ते तिने करावे, हे प्रेक्षकांनी गृहीत धरलेले असे.

सामाजिक आशय

जे.बी.एच. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी होते. मनोरंजनातून प्रगत विचार पोहोचविता येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. ब्रिटिश राजवटीत चित्रपट परिनिरीक्षणातून जात असल्याने राजकीय मजकूर उघडपणे मांडणे शक्य नव्हते. परक्या सत्तेऐवजी जुलमी वजीर, लाचखाऊ अधिकारी आणि गावगुंड यांच्याविरुद्धचा लढा दाखवून तोच आशय सूचित केला जाई. 'डायमंड क्वीन' (१९४०) या चित्रपटात मुंबईहून शिकून गावी परतलेली मधुरिका स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या जाचाविरुद्ध उभी राहते. स्त्रियांची साक्षरता आणि त्यांचे स्वातंत्र्य यांचा पुरस्कार त्यात स्पष्टपणे केलेला आहे.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. ब्रिटिश सैनिकाच्या पोटी जन्मलेली, युरोपीय चेहऱ्याची स्त्री भारतीय जनतेच्या वतीने जुलमाशी लढत होती आणि प्रेक्षक तिला आपली मानत होते. केस आणि नाव बदलण्यास नकार दिल्याने तिच्या परकेपणाविषयी कोणतीही लपवाछपवी उरली नव्हती. 'बंबईवाली' (१९४१) असे नाव असलेला त्यांचा चित्रपट या आपलेपणाची साक्ष देतो.

बसंत पिक्चर्स आणि उत्तरकाळ

१९४०च्या सुमारास जे.बी.एच. वाडिया यांचा ओढा साहसपटांकडून अन्य विषयांकडे वळला. नृत्यप्रधान 'राजनर्तकी' (१९४१) हा त्याचा पुरावा होय. या काळात बंधूंचे व्यवसाय वेगळे झाले आणि होमी यांनी १९४२ साली बसंत पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. परळच्या ज्या जागेत वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ होता, तेथेच व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर १९४२ साली उभे राहिले. मराठी रसिकांना परिचित असलेल्या या वास्तूच्या इतिहासात नादियांच्या साहसपटांचा अध्याय आधीचा आहे.

नव्या संस्थेला आधार दिला तो पुन्हा नादियांनीच. 'हंटरवाली की बेटी' (१९४३) हा पहिल्या चित्रपटाचा पुढील भाग यशस्वी झाला. भारतीय चित्रपटांतील उत्तरभागांच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. त्यानंतर 'शेर-ए-बगदाद' (१९४६), 'इलेव्हन ओ क्लॉक' (१९४८) आणि 'सर्कस क्वीन' (१९५९) असे चित्रपट आले. मात्र स्वातंत्र्यानंतर प्रेक्षकांची अभिरुची बदलत होती. सामाजिक आणि संगीतप्रधान चित्रपटांना प्रतिष्ठा मिळाली. साहसपट दुय्यम दर्जाचे मानले जाऊ लागले. सुशिक्षित समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली. त्यांचा खरा प्रेक्षक गिरणगावातील कामगार, शाळकरी मुले आणि जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा पाहणारे ग्रामीण लोक हा होता.

'खिलाडी' (१९६८) हा नादियांचा अखेरचा चित्रपट. जेम्स बाँडच्या हेरपटांचे विडंबन असलेल्या या चित्रपटाच्या वेळी त्यांनी साठी गाठली होती.

वैयक्तिक जीवन

होमी वाडिया आणि नादिया यांचे परस्परांवर दीर्घकाळ प्रेम होते. पारशी समाजाबाहेरील, त्यातही एका मुलाची आई असलेल्या स्त्रीशी विवाह करण्यास होमी यांच्या आईचा विरोध होता. आईचे मन दुखवायचे नाही म्हणून दोघांनी अनेक वर्षे विवाह केला नाही. जे.बी.एच. यांचा मात्र या संबंधाला पाठिंबा होता. अखेर १९६१ साली त्यांचा विवाह झाला. त्या वेळी नादिया ५३ वर्षांच्या आणि होमी ५० वर्षांचे होते. पडद्यावर कोणत्याही अडथळ्याला न जुमानणाऱ्या नायिकेला प्रत्यक्षात पंचवीसेक वर्षे वाट पाहावी लागली.

विवाहानंतर त्या मुंबईतच राहिल्या. ८८वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, त्यांचे निधन झाले. योगायोगाने त्याच वर्षी फ्रंटियर मेलचे जुने नावही बदलून गोल्डन टेंपल मेल असे करण्यात आले.

पाठलागपटांचे स्मरणरंजन

पाठलागाच्या चित्रपटांचा जागतिक इतिहास सांगताना बहुधा अमेरिकन उदाहरणे दिली जातात. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर फोर्ड मस्टँग आणि डॉज चार्जर या मोटारींचा जवळजवळ ११ मिनिटे चालणारा पाठलाग आहे. 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) आणि 'व्हॅनिशिंग पॉइंट' (१९७१) यांतील पाठलागही असेच गाजले. मोठ्या इंजिनांच्या, गुरगुरत धावणाऱ्या त्या मोटारींविषयी अमेरिकेत आजही हळवेपणाने बोलले जाते आणि त्या जतन केल्या जातात. 'बुलिट' आणि नादियांचा 'खिलाडी' हे दोन्ही एकाच वर्षीचे. एका देशात पाठलागपटांचा बहर येत असताना दुसऱ्या देशात त्यांच्या पहिल्या नायिकेची कारकीर्द संपत होती.

भारतातील परिस्थिती निराळी होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. रस्त्यांवर मुख्यत्वे अँबॅसिडर आणि फियाट या दोनच गाड्या दिसू लागल्या. त्यामुळे नादियांच्या चित्रपटांतील उघड्या टपाच्या मोटारी हा केवळ करमणुकीचा भाग न राहता पूर्वीच्या रस्त्यांचा चित्ररूप पुरावाही ठरला. अमेरिकन स्मरणरंजनाच्या केंद्रस्थानी इंजिनाची ताकद आणि ती हाताळणारा पुरुष असतो. नादियांच्या चित्रपटांच्या आठवणीत मोटार लहान आणि विनोदी आहे. ताकद आहे ती नायिकेच्या अंगी. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या चित्रपटांचे वेगळेपण ध्यानात येत नाही.

या आठवणींना साहित्यातही स्थान मिळाले. माथेरान येथे जन्मलेले नाटककार गिरीश कर्नाड यांनी १९८० साली नादियांवर लेख लिहिला. त्यांच्या पिढीच्या बालपणात या नायिकेचे स्थान काय होते, हे त्यातून दिसते. समीक्षकांनी ज्यांना क्षुल्लक मानले, ते चित्रपट एका पिढीच्या मनात किती खोलवर रुजले होते, हे या लेखानंतर अभ्यासकांच्या लक्षात आले.

वारसा

भारतातील आरंभीच्या चित्रपटांपैकी फार मोठा भाग नष्ट झाला आहे. नायट्रेटची फीत लवकर पेट घेणारी आणि कालांतराने कुजणारी असते; शिवाय चालून गेलेल्या चित्रपटाच्या प्रती जपण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. नादियांच्या बाबतीत वाडिया कुटुंबाने स्वतः केलेली जपणूक मोलाची ठरली. तिच्यामुळे 'मिस फ्रंटियर मेल' आणि 'डायमंड क्वीन' यांसारखे चित्रपट आज पाहता येतात.

जे.बी.एच. यांचे नातू रियाद विंची वाडिया यांनी १९९३ साली 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट तयार केला. नादियांच्या हयातीतच झालेल्या या माहितीपटामुळे देशोदेशींच्या अभ्यासकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. जर्मन लेखिका डोरोथी वेनर यांनी त्यांचे चरित्र लिहिले व पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. 'रंगून' (२०१७) या हिंदी चित्रपटातील साहसपट-नायिकेच्या व्यक्तिरेखेमागे नादियांची प्रेरणा असल्याचे मानले जाते. ८ जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ११०व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.

आज पाठलागाची दृश्ये संगणकाच्या साहाय्याने रचता येतात आणि कलाकाराला इजा होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे. हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र जुन्या साहसपटांचे आकर्षण ज्या गोष्टीत होते, ती म्हणजे पडद्यावर दिसणारा धोका खरा असणे. गाडी खरी, वेग खरा आणि टपावर उभी असलेली स्त्रीही खरी, हे प्रेक्षकांना ठाऊक असे. नादियांचे चित्रपट आज पाहताना कथानकातील भाबडेपणा जाणवतो. धावत्या गाडीवरचा तो तोल मात्र अजूनही श्वास रोखून धरायला लावतो.

निवडक चित्रपट

देश दीपक (१९३५)
नूर-ए-यमन (१९३५)
हंटरवाली (१९३५)
मिस फ्रंटियर मेल (१९३६)
पहाडी कन्या (१९३६)
हरिकेन हंसा (१९३७)
लुटारू ललना (१९३८)
पंजाब मेल (१९३९)
डायमंड क्वीन (१९४०)
बंबईवाली (१९४१)
जंगल प्रिन्सेस (१९४२)
मुकाबला (१९४२)
हंटरवाली की बेटी (१९४३)
मौज (१९४३)
शेर-ए-बगदाद (१९४६)
इलेव्हन ओ क्लॉक (१९४८)
सर्कस क्वीन (१९५९)
खिलाडी (१९६८)